तेवीस किलोंचा निरोप

अमेरिकेतल्या मुलाकडे राहायला गेलेल्या मराठी आईवडिलांचा मुक्काम विमानतळावर संपतो, असा सर्वसाधारण समज असला तरी निरोपाचा विधी त्याच्या बराच आधी, दिवाणखान्यात रिकाम्या बॅगा उघड्या पडतात त्या दिवशीच सुरू होतो. पर्यटक व्हिसावर आलेल्यांना बहुधा सहा महिन्यांपर्यंत राहू दिले जाते आणि नेमकी मुदत 'आय-९४' या प्रवेशनोंदीत पहिल्याच दिवशी लिहिलेली असते. तरीही परतीची तारीख कोणीतरी कट करून अलीकडे ओढल्यासारखे सारे घर वागू लागते.

या विधीचे मुख्य उपकरण म्हणजे ताणकाटा, अर्थात बॅगेच्या मुठीत अडकवून वर उचलायचा वजनकाटा. एका बॅगेला साधारणतः २३ किलोंची मर्यादा असल्याने वडील बॅग उचलतात, मुलगा आकडा वाचतो, आणि तो २४.८ निघाला की आई वडिलांचा स्वेटर बाहेर काढते. बदामांना हात लावत नाही. जगातल्या बदामांपैकी सुमारे ८० टक्के कॅलिफोर्नियात पिकतात आणि भारत हा त्यांचा मोठा ग्राहक आहे, म्हणजे पुण्याच्या रविवार पेठेत जे जहाजाने आधीच पोचलेले असतात तेच विमानाने नेण्यासाठी ही कसरत चाललेली असते. हे आईला ठाऊक नसते असे नव्हे. शेजारी वाटीभर देताना 'लेकाने दिलेत' असे म्हणता आले पाहिजे, एवढाच तिचा मुद्दा असतो, आणि तो अर्थशास्त्राच्या कक्षेत येत नाही.

दरम्यान स्वयंपाकघरात उलट दिशेची भरणी चालते. फ्रीजर पुरणपोळ्यांनी भरतो आणि मसाल्यांच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटतात. देवनागरी न येणाऱ्या नातवाने 'गोडा' हा शब्द कानाने टिपून त्या डब्यावर ऐटबाज घोडा काढलेला असतो, आणि तो पुसायला आजी कोणालाही देत नाही.

निघताना तळहातावर दही घालण्याची प्रथा घरीच उरकावी लागते, कारण सुरक्षातपासणीच्या लेखी दही हा द्रवपदार्थ असून १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या डब्यातून तो हातातल्या सामानात नेता येत नाही. २००१ च्या सप्टेंबरमधील हल्ल्यांपूर्वी पोचवायला आलेल्यांना थेट गेटपर्यंत जाता येई. आता तपासणीच्या रांगेपाशीच पट्टा आडवा येतो. व्हिसा मागणारा कायमचा राहायलाच निघाला आहे असे अमेरिकी कायदा गृहीत धरतो, म्हणून मुंबईच्या वकिलातीत याच दोघांनी आपण नक्की परत जाणार हे पटवून दिलेले असते. आणि तेच दोघे त्या पट्ट्यापलीकडून, गणवेशातल्या अधिकाऱ्यादेखत, 'येतो हं' म्हणतात. सुदैवाने अधिकाऱ्याला मराठी येत नसते.

त्यानंतर रडू येईल अशी मुलाची अपेक्षा असते. परंतु सामान देताना मोठी बॅग २२.६ भरलेली असते, आणि उरलेल्या चारशे ग्रॅममध्ये काय काय आले असते, ही चर्चा दुबई येईपर्यंत चालते.