चिमणी राखली, बाकी काय?

गिरणगावातलं जुनं वाचवा म्हटलं की आपल्याला चिमणीच आठवते. फिनिक्स मिलची चिमणी मॉलच्या आवारात अजून उभी आहे. उभी राहू दे. पण चिमणी मालकाची होती. कामगार ज्या जागांत एकत्र आले, भांडले, संघटित झाले, त्यांचं काय?

परळची दळवी बिल्डिंग घ्या. १९२८ साली मुंबईचे दीड लाखाच्या आसपास गिरणी कामगार सहा महिने संपावर होते. त्याच संपातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि लाल बावट्याचं कार्यालय म्हणून दळवी बिल्डिंगचं नाव चाळीचाळीत पोचलं.

दामोदर हॉल १९२२चा, ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगचा. पाळ्या सांभाळून तालमी करणाऱ्या कामगारांना इथे रंगमंच मिळाला. ९ मार्च १९२४ रोजी बाबासाहेबांनी सभा बोलावली ती इथेच. तिच्यातूनच बहिष्कृत हितकारिणी सभा जन्मली. अलीकडे पुनर्विकासासाठी हॉल बंद झाला, तेव्हा रंगकर्मी आंदोलनाला उठले. कामगार संघटनांनी आणि आंबेडकरी चळवळीनेही त्याच जोराने उठायला हवं होतं.

एम्पायर थिएटरात ३१ ऑक्टोबर १९२०ला लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली आयटक स्थापन झाली. तिथून चालत काही मिनिटांवर असलेलं सीएसएमटी २००४पासून जागतिक वारसा आहे. कमानी-घुमटांना मान मिळाला, देशातल्या पहिल्या मध्यवर्ती कामगार संघटनेच्या जन्मस्थळाची मात्र शाळेच्या सहलीलाही ओळख नाही.

मेलबर्नच्या बांधकाम कामगारांनी १८५६ साली आठ तासांचा दिवस मिळवला आणि तीन वर्षांत स्वतःचा ट्रेड्स हॉल उभारला. त्याच जागी पुढे बांधलेली ट्रेड्स हॉलची इमारत तिथला नोंदलेला वारसा आहे आणि तिच्यात आजही युनियनची कार्यालयं चालतात. जपणं म्हणतात ते हे.

आपल्याकडे नियम नाहीत असंही नाही. मुंबईच्या १९९५च्या वारसा नियमावलीत सामाजिक आणि आर्थिक इतिहासाशी असलेलं नातं हा निकष आहे. इमारत साधी आहे, नक्षी नाही, ही सबब त्यापुढे टिकत नाही.

महापालिकेने कामगार चळवळीच्या जागांची स्वतंत्र पाहणी करावी. संघटनांनी तिची वाट न पाहता आपली यादी आजच द्यावी. आणि तुमच्या घरात कुणी गिरणीत होतं का? मग त्यांची सभा कुठे भरायची, हे त्यांना विचारून लिहून ठेवा. सांगणारी माणसं आता थोडीच उरली आहेत.