नहेम्याची घरं

"चर्चनं घरं बांधली म्हणजे फुकटच वाटली असतील," असं मी म्हणायला आणि मावशींनी कुंपणावरून डोळे वटारायला एकच गाठ पडली.

"फुकट? अगं, पाच हजार डॉलर आधी मोजायचे, मग किल्लीची भाषा. उरलेल्याचं कर्ज, वर्षानुवर्षं हप्ते. दानधर्म नव्हे तो."

मावशी लेकीकडे न्यूयॉर्कला राहून आल्यात. लोक तिकडून चॉकलेटं आणतात, मावशींनी ब्रुकलिनमधल्या ब्राउन्सव्हिलची चौकशी करून आणलीय. त्या दिवशी मी कढीपत्ता मागायला गेले होते, तो हातातच राहिला.

"१९७०च्या दशकात तिथं काय उरलं होतं सांगू? ओस इमारती आणि राख. इमारती पेटायच्या, काही तर मालकांनीच विम्यासाठी पेटवलेल्या. १९७१मध्ये बोस्टनचा महापौर बघायला आला आणि म्हणाला, संस्कृती कोसळायला लागल्याची ही पहिली खूण."

"आणि चर्चवाले लगेच नकाशे घेऊन बसले?"

"नकाशे कुठले! आधी किराणा दुकानं."

झालं असं, की तिथल्या चर्चनी मिळून एक संघटना उभी केली, ईस्ट ब्रुकलिन चर्चेस. काळ्या वस्तीतले बॅप्टिस्ट, कॅथलिक, लुथरन, सगळे एकत्र. (आमच्याकडे दोन चर्चचं नाताळच्या कार्यक्रमाच्या वेळेवरून जमत नाही, ही टिप्पणी मावशींची, माझी नाही.) शिकागोच्या सॉल अलिन्स्कीनं १९४०मध्ये काढलेल्या इंडस्ट्रियल एरियाज फाउंडेशनची माणसं त्यांना शिकवायला. त्यांनी पहिल्याच दिवशी घराचं स्वप्न दाखवलं नाही. चर्चमधली माणसं घोळक्यानं दुकानांत शिरायची, हातात कागद-पेन. सडकं मांस, मारलेलं माप, अस्वच्छता, सगळं लिहून काढायची आणि मालकापुढे सही करायला कागद ठेवायची. मग रस्त्यांच्या नावांच्या पाट्या. वस्तीतल्या पाट्या कधीच्या गायब झालेल्या. महापालिकेच्या मागे लागून सुमारे तीन हजार लावून घेतल्या.

"पाट्यांनी काय घर मिळतं?" मी.

"पाट्यांनी माणसं मिळतात गं. आपण मागितलं तर देतात, हे एकदा कळलं की दुसऱ्या सभेला दुप्पट गर्दी."

मला खरं तर पैशाचं ऐकायचं होतं. सहकारी बँकेत गृहकर्जाच्या टेबलावर जन्म गेला माझा. घर महाग का होतं हे मला विचारा! वीट-सिमेंटच्या भावाबरोबर बांधकाम चालू असताना बिल्डरनं काढलेल्या कर्जाचं व्याजही घेणाऱ्याच्या माथी बसतं. न्यूयॉर्कमध्ये तर तेव्हा व्याजाचे दर आभाळाला भिडलेले. चर्चवाल्यांनी नेमकी हीच नस धरली. मिसुरी सिनॉडच्या लुथरन मंडळींनी दहा लाख डॉलर दिले, लाँग आयलंडच्या एपिस्कोपल डायोसीसनं दहा लाख, कॅथलिकांनी त्याहून जास्त. देणगी नाही, बांधकामापुरतं बिनव्याजी कर्ज. एक रांग बांधायची, विकायची, पैसे परत आले की पुढच्या रांगेत घालायचे. तोच पैसा फिरता. हे ऐकून मी कुंपणाला टेकूनच उभी राहिले. आमच्या एका तरी संचालकाला सुचलं असतं का हे?

बाकीचं शहराकडून. जमीन जवळजवळ फुकट, मालमत्ता करात बरीच वर्षं सवलत, शिवाय दर घरामागे दहा हजार डॉलर बिनव्याजी, घर विकलं तर परत करायचे. घेणाऱ्याला राज्याच्या गृहकर्ज संस्थेकडून बाजारापेक्षा कमी दरानं कर्ज. महापौर होते एड कॉच. त्यांच्याकडे ब्रुकलिनचे कॅथलिक बिशप फ्रान्सिस मुगाव्हेरो शब्द टाकायला गेले. बिशपच्या मागे किती मतं उभी आहेत, हे महापौरांना पाट्यांच्या वेळेपासूनच दिसत असणार.

बांधणारा म्हणजे आय. डी. रॉबिन्स, निवृत्त बिल्डर. 'डेली न्यूज'मध्ये लिहायचा: सुटी दोन-चार घरं बांधून स्वस्त पडत नाहीत, ब्लॉकच्या ब्लॉक एका मापात उठवा. तसंच केलं. अठरा फूट रुंद, दुमजली, भिंतीला भिंत, खाली तळघर, मागे एवढंसं अंगण. किंमत पन्नास हजार डॉलरच्या आसपास. १९८२च्या ऑक्टोबरात भूमिपूजनाला (मावशी 'भूमिपूजन'च म्हणाल्या) हजारो लोक, १९८४मध्ये पहिली कुटुंबं राहायला. सरकारी इमारतींत भाड्यानं राहणारी कितीतरी माणसं तिथं मालक झाली.

"नाव नहेम्या का?"

इथं मावशींना चेव चढला. जुन्या करारातला नहेम्या, पर्शियाच्या राजाचा प्यालेबरदार, यरुशलेमचा तट पडल्याचं ऐकून रडला, मग रजा काढून आला आणि बावन्न दिवसांत तट उभा केला. ज्यानं त्यानं आपल्या घरासमोरचा तुकडा बांधायचा. "रडला, पण नंतर हिशेब मांडला," मावशी म्हणाल्या.

मला मात्र एक खटकलं आणि मी बोलले. मेट्रो रेल्वेच्या इतक्या जवळ दुमजली घरं? चार-पाच मजले चढवले असते तर किती कुटुंबं मावली असती. शिवाय काही ब्लॉकमध्ये माणसं राहात होती, त्यांना उठवावं लागलं. तिथल्या नगररचनाकारांनीही हेच आक्षेप घेतले होते.

"लोकांना स्वतःचं दार रस्त्यावर उघडायला हवं होतं. जिन्यात मुतलेलं आणि बंद पडलेल्या लिफ्ट बघितल्या होत्या त्यांनी."

मावशींचं बरोबर, पण माझंही चूक नाही. पुढे स्प्रिंग क्रीकला त्याच संघटनेनं घरं बांधली तेव्हा काही तीन मजली झाली, आणि खोल्यांचे तयार भाग ब्रुकलिन नेव्ही यार्डात जोडून ट्रकवरून आणले. म्हणजे नगररचनाकारांचंही कुणीतरी ऐकलंच.

तेवढ्यात मावशींच्या घरचे भाऊ पेपर घेऊन अंगणात आले. "आपलं शरणपूर तरी कोणी वसवलं? मिशननंच ना!" खरंय. नाशिकचं शरणपूर म्हणजे मिशनची ख्रिस्ती वस्ती, गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांनाही तिथं आसरा मिळाला. आफ्रिकेत फिरलेल्या लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या प्रवासात सोबत असलेली काही माणसं इथल्याच शाळेतली. पण तिथं मिशनरी ठरवायचे आणि वस्ती ऐकायची. ब्राउन्सव्हिलमध्ये वस्तीनं ठरवलं आणि महापौराला ऐकायला लावलं. माझ्या मते सगळी मेख तिथं आहे. बिनव्याजी पैसा त्यानंतर.

१९८७मध्ये अमेरिकेच्या संसदेनं घरबांधणीच्या कायद्यात नहेम्याच्याच नावाची योजना घातली, इतर शहरांसाठी. ती काही तितकी चालली नाही म्हणतात. मला नवल वाटलं नाही. कायद्याबरोबर माणसं थोडीच पाठवता येतात.

जाता जाता मावशींनी सांगितलं, की त्या घरांचे हप्ते थकून जप्ती आल्याची उदाहरणं फारच थोडी. बँकेच्या माणसाला हे आधी सांगायचं असतं, मावशी.