घुबडाच्या नादी लागली दिल्ली

अहो, ऐकलंत का? घुबड दिसलं की आपली आजी मीठ-मोहरी घेऊन धावायची. आणि आता गुरुग्रामच्या टॉवरांतले चांगले कमावते लोक रात्री पावणेबाराला एका हिरव्या घुबडाच्या धाकाने अंथरुणातून ताडकन उठतात! कशासाठी? तर स्ट्रीक, म्हणजे सलग दिवसांच्या धड्यांची साखळी, तुटेल म्हणून!

या घुबडाचं भाषा शिकवणारं ॲप, ड्युओलिंगो, 2012 साली सर्वांना खुलं झालं, तेव्हा कोणाला वाटलं होतं की वरातीत नाचता नाचता नवरदेवाचा मित्र गुपचूप स्पॅनिश क्रियापदं उरकेल? ताप चढू दे, पाहुणे खोळंबू देत, रोजचा धडा चुकता कामा नये. अगदीच अडलं, तर स्ट्रीक 'गोठवून' घ्यायचीही सोय आहे. उपास म्हणायचा आणि साबुदाणा वडे हाणायचे, त्यातलाच प्रकार!

मेट्रोत तर बघायलाच नको. राजीव चौकाच्या रेटारेटीत ॲप फर्मावतं, मोठ्याने बोला. बोलायला शिकणारा पठ्ठ्या काय करतो? 'आत्ता बोलता येणार नाही' हे बटण दाबतो. धन्य ती शिकवणी!

घुबडावर भागलं नाही, की क्लास. कोरियन मालिकांनी झपाटलेल्यांची वारी लाजपतनगरच्या कोरियन सांस्कृतिक केंद्राकडे. जपानीवाले जुलैची जेएलपीटी ही भाषा परीक्षा हुकली की डिसेंबरच्या नावाने बोटं मोडतात. कस्तुरबा गांधी मार्गावर तर मौजच. एकीकडे नवं महाराष्ट्र सदन, त्याच रस्त्यावर जर्मन शिकवणारं मॅक्स म्युलर भवन. मराठी जेवण चापायचं आणि ढेकर जर्मनमध्ये द्यायचा! ज्यांचं नाव या भवनाला, त्या म्युलरसाहेबांनी आयुष्य ऋग्वेदात घालवलं, पण भारतात पाऊल टाकलं नाही. मग आपल्या वीरांनी घरबसल्या जर्मनीचा संसार थाटला, तर बिघडलं कुठे?

फेब्रुवारी 2025 मध्ये तालकटोरा स्टेडियमवर मराठी साहित्य संमेलन भरलं. अभिजात मराठीच्या नावाने छाती फुगवणारे आपण सगळे तिथे होतो. त्यातले किती जण रात्री घरी जाऊन घुबडासमोर हजेरी लावत होते, हे विचारायचं नाही. आणि मोडकंतोडकं का होईना, चार वाक्यं जमायला लागलीत, हेही कबूल करायचं नाही!

मुरडा नाकं, खुशाल मुरडा. पण आपला फोन आत्ता का बरं थरथरला? जा, उरका तो धडा. आपण कोणाला सांगायचो नाही.