रिद्धपूरला कोरकू शिकवा

सेमाडोहच्या थांब्यावर परतवाड्याच्या एसटीची वाट बघणाऱ्या कॉलेजच्या पोरींकडे जरा कान द्या. आपसात कोरकू, किराणा दुकानात हिंदी, कंडक्टरशी मराठी. आणि बॅगेतल्या नोट्सची झेरॉक्स इंग्रजीत! मेळघाटात हिंदी कुठल्या शासन निर्णयाने आली नाही. धारणीच्या पलीकडे मध्य प्रदेश लागतो, बाजारानेच ती आणली. पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा नको म्हणून 2025 मध्ये महाराष्ट्र पेटून उठला आणि जूनअखेर सरकारला दोन्ही शासन निर्णय मागे घ्यावे लागले. बरंच झालं. पण त्या गदारोळात सेमाडोहच्या पोराची पहिली भाषा कोणती, हा प्रश्न काही माझ्या कानावर आला नाही.

मराठी ही त्याची दुसरी भाषा आहे, कधी तिसरी. उच्च शिक्षणात मात्र वऱ्हाडातला प्रत्येक विद्यार्थी घरी मराठी बोलतो असं गृहीत धरूनच सगळं चालतं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मातृभाषेतून पदवीचा आग्रह धरला, पुढच्याच वर्षी अभियांत्रिकीला मराठीचं दार उघडलं. मी त्या बाजूचाच आहे. पण इंग्रजीच्या जागी मराठी आली की मातृभाषेचा प्रश्न मिटला, हे कोरकू मुलाच्या बाबतीत खरं नाही. तो तेव्हाही परक्या भाषेतच पेपर लिहीत असतो.

कोरकू म्हणजे मराठीची बोली नव्हे. तिचं गोत्र मुंडारी, संथाळीचं. संस्कृतचं द्विवचन आपण घोकून पाठ केलं आणि परीक्षा झाल्यावर विसरलो. कोरकू पोर दोघांसाठी वेगळं आणि अनेकांसाठी वेगळं रूप रोज, न अडखळता वापरतं. भाषाशास्त्राच्या वर्गात ज्याने फळ्यापाशी उभं राहून हे समजावून सांगायचं, तो विद्यार्थी आपल्याकडे मागच्या बाकावर गप्प बसतो.

अभ्यास झालाच नाही असंही नाही. जॉन ड्रेक या मिशनऱ्याने 1903 मध्ये कोरकूचं व्याकरण लिहिलं. नॉर्मन झाईड यांनी 1960 मध्ये अमेरिकेत याच भाषेवर डॉक्टरेट केली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे के. एस. नागराज यांचं पुस्तक 1999 मध्ये निघालं, तेही टोकियोहून. टोकियोला जमलं ते चिखलदऱ्याच्या पायथ्याशी का जमू नये?

रांचीत जमलंय. रामदयाल मुंडा अमेरिकेतली प्राध्यापकी सोडून परतले, रांची विद्यापीठात आदिवासी आणि प्रादेशिक भाषांचा विभाग उभा राहिला, पुढे ते तिथेच कुलगुरू झाले. मुंडारी, हो, संथाळी, खडिया यांत तिथे एम.ए. होता येतं. 2011 च्या जनगणनेत खडिया बोलणारे जेमतेम तीन लाख, कोरकू बोलणारे मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र मिळून सात लाखांवर. म्हणजे अडचण संख्येची नाही.

आणि हा नुसता अस्मितेचा मामला नाही. मेळघाटातल्या बालमृत्यूंची बातमी 1993 पासून दर पावसाळ्यात छापून येते. आरोग्य केंद्रातली नर्स अमरावतीची, समोरची आजी फक्त कोरकू बोलणारी. लेकराला जुलाब कधीपासून, दूध पितं का, लघवी झाली का, एवढे तीन प्रश्न विचारायला मध्ये तिसरं माणूस लागतं. ते वेळेवर सापडलं नाही तर? नर्सिंग, डी.एड., बी.एड. यांना या भागात कोरकूचा एक पेपर ठेवा. नव्या पदवी आराखड्यात आधुनिक भारतीय भाषेचे श्रेयांक आहेतच, तिथे कोरकूचं नाव घाला. बिगरकोरकू मुलांनी ती आवर्जून घ्यावी, कारण उद्या तलाठी, फॉरेस्टर, डॉक्टर होऊन इथे तेच येणार आहेत.

सुरुवात रिद्धपूरने करावी. याच अमरावती जिल्ह्यात 2024 पासून मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालंय, म्हाइंभटांनी जिथे लीळाचरित्र सिद्ध केलं त्याच गावात. संस्कृतात लिहू का म्हणून विचारणाऱ्याला नागदेवाचार्यांनी अडवलं ते आपल्या म्हाताऱ्यांना कळणार नाही म्हणून, असं महानुभाव परंपरा सांगते. त्या मुद्द्यावर उभ्या राहिलेल्या विद्यापीठाला मेळघाटातल्या म्हाताऱ्यांचीही भाषा कळायला हवी. कोरकूचा पूर्ण विभाग तिथे उघडा.

शिकवायला नेट झालेली माणसं कुठून आणणार, हा प्रश्न लगेच पुढे येईल. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्येच ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची सोय केली, पदवीची अट न घालता जाणत्यांना वर्गात आणता येतं. सेमाडोह, हरिसाल, धारणीत असे जाणते भूमका, म्हणजे गावचे वैदू, आहेत, गाणी येणाऱ्या बाया आहेत, एम.ए. झालेली कोरकू पोरंही आहेत. त्यांना नेमणुकीचं पत्र द्या, आणि मानधन वेळेवर द्या.