अधारतालकराने बेटावर कसे वागावे

बेटावर जाणाऱ्याने आधी आपण कुठून निघालो आहोत हे नीट समजून घ्यावं. जबलपूरचं अधारताल समुद्रसपाटीपासून सुमारे चारशे मीटर उंचावर आहे आणि समुद्र कुठल्याही दिशेला शेकडो किलोमीटर लांब. त्यामुळे इथल्या मराठी घरात ‘या वर्षी अंदमान’ असा ठराव पास झाला की लगोलग दोन शंका निघतात. तिथली हवा मानवेल का, आणि जेवणाचं काय? दुसऱ्या शंकेचं निरसन आजवर कोणाला जमलेलं नाही, तेव्हा ती सोडून देऊ. पहिलीचं उत्तर नकाशातच आहे. कर्कवृत्त अधारतालच्या उत्तरेला, पनागर आणि सिहोरा यांच्या मधून जातं. म्हणजे अधारतालकर जन्मानेच उष्ण कटिबंधाचा रहिवासी आहे, आणि इथला मे महिना ज्याने कूलरच्या भरवशावर काढला त्याला उन्हाची भीती कोणी घालू नये. फरक आहे तो घामाचा. इथला घाम वाळतो, तिथला वाळत नाही. म्हणून सुती कपडे एक जोड जास्त घ्यावेत आणि जीन्स घरीच ठेवावी; बेटावर एकदा भिजलेली जीन्स परत येईपर्यंत ओलीच राहते.

आता मुख्य सिद्धांत. बेटावरची सहल फसते ती घड्याळामुळे, आणि हे घड्याळ बहुधा सहलप्रमुख काकांच्या मनगटावर असतं. काकांशिवाय जबलपूरच्या मराठी मंडळींची सहल निघत नाही. गन कॅरेज नाहीतर व्हेईकल फॅक्टरीतून निवृत्त झालेले, उभं आयुष्य भोंग्यावर उठलेले आणि भोंग्यावर जेवलेले हे गृहस्थ निघण्याच्या दोन महिने आधी एक कागद तयार करतात. त्याला फुटपट्टीने मारलेल्या उभ्याआडव्या रेघा असतात आणि दर रकान्यात एकेक ‘पॉइंट’. ‘४.४५ ते ५.३० : राधानगर, सूर्यास्त, मागाहून चहा.’ कागदाच्या झेरॉक्स घरोघर वाटल्या जातात आणि मूळ प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून काकांच्या खिशात जाते. कागदात अक्षर सुरेख असतं, बेरीज अचूक असते. चूक एकच, की तो जबलपूरच्या सूर्यावर बेतलेला असतो.

यावर काका म्हणतील, सूर्य एकच, भारतीय प्रमाणवेळही एकच, मग घोळ कसला? तर घोळ तिथेच आहे. प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची. जबलपूर ऐंशीच्या आसपास, म्हणून इथला सूर्य घड्याळापेक्षा दहाएक मिनिटं मागे चालतो. पोर्ट ब्लेअर (सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम) ब्याण्णव आणि त्र्याण्णवच्या मध्ये, तिथला सूर्य घड्याळाच्या चाळीस मिनिटं पुढे. अंशाला चार मिनिटं, हा शाळेतला हिशेब. एकूण अंतर पन्नास मिनिटांचं. तिथला हिवाळ्यातला दिवस आपल्यापेक्षा मोठा असतो म्हणून डिसेंबरात मावळतीचा फरक अर्ध्या तासावर येतो, मे महिन्यात मात्र तो तासाच्या वर जातो. डिसेंबरच्या सुरुवातीला अंदमानात पाच वाजायच्या आत सूर्य पाण्यात गेलेला असतो. आता काकांचा कागद पुन्हा वाचावा. त्यातच दुपारच्या जेवणानंतर वामकुक्षी आहे, ती कागदात लिहावी लागत नाही, घटनेतच आहे. दोनला लवंडायचं, चारला उठायचं, साडेचारला चहा, त्यानंतर बायकांनी कपडे बदलायचे, आणि पुरुषांनी ‘अजून किती वेळ’ म्हणत रिक्षाजवळ उभं राहायचं. राधानगरचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, आशियातला सर्वोत्तम म्हणून ‘टाइम’ने २००४ साली गौरवलेला, आणि आपण तिथे पोचतो ते अंधारात चपला शोधायला. तेव्हा बेटावर झोप आवरावी, किंवा सकाळी अकरालाच काढावी. पहाट तिथे लवकर होते. पाचला उठणाऱ्या आजीला आयुष्यात प्रथमच सगळ्यांच्या बरोबरीने सूर्य भेटतो.

एका बाबतीत काकांचं चुकत नाही. धक्क्यावर ते बोट सुटायच्या कितीतरी आधी सगळ्यांना नेऊन बसवतात, माणसं मोजतात, पुन्हा मोजतात, ओळखपत्रं एका रबरबँडमध्ये बांधून हातात ठेवतात. मुलं वैतागतात. पण काका बरोबर आहेत. पोर्ट ब्लेअरहून स्वराज द्वीपाला (जुनं हॅवलॉक, २०१८ च्या डिसेंबरात नाव बदललं) जाणारी बोट कोणासाठी थांबत नाही, उलट हवा बिघडली तर ती स्वतःच रद्द होते. यातून एक पक्का नियम निघतो. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री मुक्काम पोर्ट ब्लेअरलाच हवा. बाहेरच्या बेटावर शेवटची रात्र काढून सकाळच्या बोटीने विमान गाठू, असं ज्यांच्या कागदात असतं ते पुढे वर्षभर त्या कागदाची कथा सांगत बसतात. बोटीत बसण्यापूर्वी अर्धा तास उलटीची गोळी घ्यावी. पोटात थोडंसं काही असावं, पण तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा धक्क्यावर उघडू नये. हा डबा पहाटे तीनला उठून केलेला असतो आणि तो न उघडणं म्हणजे घरात शीतयुद्ध, हे मान्य. तरी उतरल्यावर उघडावा.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. ‘आम्ही नर्मदेकाठचे, आम्हाला पाणी शिकवू नका.’ खरं आहे. ग्वारीघाटाला बुडी मारलेला, भेडाघाटला धुआंधारचे तुषार अंगावर घेतलेला, पंचवटीहून नावेत बसून संगमरवरी खडकांमधून यमकं जुळवणाऱ्या नावाड्याची बडबड ऐकलेला माणूस पाण्याला बिचकत नाही. धोका तोच आहे. नदीचं पाणी एकाच दिशेला जातं, कुठे ओढेल ते काठावरून दिसतं. समुद्राचं पाणी किनाऱ्याकडे येताना दिसतं आणि मधल्या एखाद्या पट्ट्यातून गुपचूप आत परततं. अशा पट्ट्यात सापडलं तर किनाऱ्याच्या दिशेने हातपाय मारून उपयोग नाही, माणूस दमतो आणि बुडतो. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहावं, पट्टा सुटला की मग वळावं. लाटा जिथे कमी फुटताना दिसतात ती शांत जागा बहुधा हाच पट्टा असतो, म्हणून आजोबांनी ‘इथे बरं आहे’ म्हणून निवडलेली जागा आधी सोडावी. मगरीचंही तसंच. नर्मदामाई मगरीवर बसते, त्यामुळे आपल्याकडे मगर म्हटलं की हात जोडले जातात. अंदमानची मगर खाऱ्या पाण्यातली आहे, खाडीत आणि तिवरांत राहते, अधूनमधून किनाऱ्यालाही येते, आणि तिचा कोणत्याही देवीशी करार झालेला नाही. पाटी दिसली की ‘नर्मदे हर’ म्हणून पुढे न जाता पाटीपाशीच थांबावं. शिट्टी वाजली की बाहेर यावं. शिट्टीवाल्याशी वाद घालू नये.

नर्मदेमुळे लागलेली आणखी एक सवय इथे अंगाशी येते. नर्मदेतला प्रत्येक कंकर शंकर, असं आपण लहानपणापासून ऐकतो, म्हणून घाटावर गेलेला माणूस खिशात एक गोटा घालून येतो आणि तो देवघरात जाऊन बसतो. अंदमानातून प्रवाळाचा तुकडा तसाच उचलला तर विमानतळावर बॅगा उघडल्या जातात. प्रवाळाला, मेलेल्या प्रवाळालाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. शंखशिंपले परवान्याच्या दुकानातून, पावतीसकट घ्यावेत. पावती काकांकडे द्यावी. त्यांना आवडतं.

सेल्युलर जेलविषयी विनोद नाही. मराठी माणूस तिथे तीर्थाला जावं तसा जातो, आणि जावंच. १९०६ साली बांधून पुरी झालेल्या त्या इमारतीच्या सात भुजांपैकी तीनच आज उभ्या आहेत, आणि विनायक व गणेश हे दोघे सावरकर बंधू तिथे कोंडलेले होते. मार्गदर्शन एवढंच की कारागृह कोणत्या दिवशी बंद असतं ते आधी विचारून घ्यावं, नाहीतर बोटींच्या गडबडीत आखलेल्या कागदात जेलचा रकाना नेमका त्याच दिवशी येतो. शिवाय समुद्राला उद्देशून सावरकरांनी लिहिलेलं ते गाणं राधानगरच्या वाळूत उभं राहून, डोळे पुसत म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं की ते १९०९ मध्ये इंग्लंडातल्या ब्रायटनच्या किनाऱ्यावर सुचलं, अंदमान त्यानंतर दोन वर्षांनी. म्हणू नये असं नाही. कोणी म्हणायला लागलं तर चूक दाखवायलाही जाऊ नये.

उरला शेवटचा आणि सर्वांत मराठी आक्षेप. एवढा पैसा घातला, मग सगळं बघून वसूल नको करायला? हा हिशेब भेडाघाटला लागू पडतो, तिथे धबधबा जागचा हलत नाही. बेटावर बघायच्या गोष्टीच येत-जात राहतात. शहीद द्वीपावर (जुनं नील) लक्ष्मणपूरच्या किनाऱ्याला खडकाचा एक नैसर्गिक पूल आहे. पूर्व बंगालातून येऊन वसलेल्या लोकांनी त्याला हावडा ब्रिज नाव दिलं. ओहोटीला त्याच्यापर्यंत चालत जाता येतं, खडकातल्या डबक्यांत छोटे मासे, समुद्रकाकड्या, जिवंत प्रवाळ बघता येतं. भरतीला गेलात तर खडक आणि पाणी. दोन्ही वेळा भाडं तेवढंच. म्हणजे पैसे वसूल करायचे असतील तर पॉइंट कमी करून वेळ साधायला हवी, आणि रिकाम्या वेळात झाडाखाली बसून राहायला शिकायला हवं. हे अधारतालकराला जमेल का, याविषयी शंका घ्यायला जागा आहे. बावन्न तालांचं शहर म्हणून जबलपूर मिरवतं. चेरीतालची तर कॉलनी झाली. राणी दुर्गावतीच्या दिवाणाने, अधारसिंहाने बांधलेला तलाव अजून टिकून आहे. त्याच्या काठी नुसतं बसून राहिलेली माणसं मोजायची झाली तर काकांना फार वेळ लागणार नाही. पण प्रयत्न करायला हरकत नाही.

भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून कालची वेळ आज चालत नाही आणि दोन महिन्यांपूर्वी अधारतालला काढलेली झेरॉक्स तर मुळीच नाही. वेळ हॉटेलच्या काउंटरवर रोज सकाळी विचारावी. तिथे नाही कळली तर स्वयंपाकघरात जाऊन विचारावी, मासे घेऊन येणाऱ्याला ती ठाऊक असते. आणि गेलोच आहोत आत, तर जेवणात तिखट किती असेल तेही विचारून घ्यावं.