लाइट म्हणजे किती लाइट?

दुबईतल्या अल मनखूलच्या कुठल्याही सुपरमार्केटात सॅलड ड्रेसिंगच्या फळीपुढे उभं राहिलेलं मराठी माणूस लगेच ओळखू येतं. ते बाटली उचलतं, चष्मा कपाळावर सारतं, मागची बारीक अक्षरं वाचतं, किमतीतले दिरहॅम मनातल्या मनात रुपयांत मोजतं आणि बाटली जागेवर ठेवून काकडीकडे वळतं. मला हा अडाणीपणा वाटत नाही.

सीझर, रँच, थाउजंड आयलंड अशी ऐटदार नावं, आणि त्यांतल्या निम्म्यांवर हिरव्या रंगात ‘लाइट’. तेल काढलं की दाटपणाही जातो आणि चवही. मग ती जागा भरायला पाणी, स्टार्च, झँथन गम आणि वर थोडी साखर. काकडी बिचारी डाएटवर, आणि तिच्या डोक्यावर हा पाक!

अस्सल फ्रेंच पद्धत म्हणावी, तर तिथे तीन भाग तेलाला एक भाग व्हिनेगर. एका मोठ्या चमचाभर तेलात साधारण 120 कॅलरी असतात आणि ते ऑलिव्हचं आहे म्हणून त्यात सूट मिळत नाही. त्यापेक्षा आपली चमचाभर तुपाची जिऱ्या-मिरचीची फोडणी बरी, चार जणांच्या कोशिंबिरीला पुरते. (उपासाच्या खमंग काकडीतल्या दाण्याच्या कुटाचा विषय मात्र काढायचा नाही. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेलच असतं, पण उपासाला हिशेब विचारू नये.)

या भागात राहायचं तर लेबनीज हॉटेलातल्या फत्तूशशी ओळख होतेच. खुबूस रोटीचे कुरकुरीत तुकडे, टोमॅटो, काकडी, मुळा, लिंबू, डाळिंबाचा आंबटगोड काकवीसारखा पाक, आणि वरून सुमाक. आमसुलाची सवय असलेल्या जिभेला हा जांभळट-लाल आंबट भुगा परका वाटतच नाही. पण खरी गंमत पानांची. फत्तूशमध्ये ‘बकले’ म्हणून जी मांसल, आंबूस पानं घालतात, ती आपली घोळ. डाळ घालून केलेली घोळीची भाजी ज्यांनी लहानपणी ताटाच्या कडेला सारली, तेच लोक इथे तिच्यासाठी मेन्यू कार्ड बघून पैसे मोजतात.

माझं मत विचाराल तर ड्रेसिंगची सगळी भिस्त फेसलेल्या मोहरीवर ठेवावी. भोपळ्याच्या भरिताला लावतो तीच. मोहरीच्या कोरड्या पुडीला झणका नसतो, तो पाणी लागल्यावर तयार होतो. म्हणून पूड आधी गार पाण्यात फेसून दहाएक मिनिटं झाकून ठेवायची आणि लिंबू नंतर पिळायचं. आधीच पिळलं तर झणका मंद राहतो. मोहरीच्या सालीतला चिकटपणा तेल आणि लिंबाचं भांडण मिटवतो, झँथन गमची गरज उरत नाही. त्यात दोन चमचे लबनेह. लबनेह म्हणजे आपला चक्काच, फक्त खारट. श्रीखंडाचे विचार मनात आणायचे नाहीत. ते सैल करायला बिल्डिंगखालच्या ग्रोसरीतून लबनची, म्हणजे ताकाची, बाटली मागवावी. फोन केला की पोरगा वर आणून देतो, जुलैच्या उन्हात ही सोय मोठी. वरून ऑलिव्ह तेल, तेही चहाच्या चमच्याने.

इथली काकडी छोटी, पातळ सालीची, बिनबियांची. यूएईतल्या हरितगृहांत ती भरपूर पिकते. कडू निघत नाही, त्यामुळे टोक कापून चोळायचा आपला सोहळा बाद. पण मीठ लागलं की तीही पाणी सोडते आणि एवढं जमलेलं ड्रेसिंग वाडग्याच्या तळाशी पोहायला लागतं. तेव्हा मीठ पानं घेतल्यावरच घाला, आणि तेही चाखून. विकतच्या सुमाकात पुष्कळदा आधीच मीठ मिसळलेलं असतं.