हुजूर पक्षाचा निष्ठावंत कार्यकर्ता

निवडणुकीत राबलेल्या माणसाला आपल्याकडे निदान एखादं महामंडळ तरी मिळतं. ब्रिटनच्या हुजूर पक्षानं मात्र आपल्या सर्वांत मोठ्या कार्यकर्त्याला साधं शाल-श्रीफळ देऊनही गौरवलेलं नाही. कार्यकर्त्याचं नाव जनरल लिओपोल्दो गाल्तिएरी. मुक्काम ब्युनॉस आयर्स, अर्जेंटिना; धंदा हुकूमशाही.

1982 उजाडलं तेव्हा ब्रिटनमध्ये बेकारांची संख्या 30 लाखांवर गेली होती. पंतप्रधान थॅचरबाईंवर जनता नाराज होतीच, पक्षातलेही नाकं मुरडत होते. काटकसरीची कात्री आरमारावरही चालली होती. ‘इन्व्हिन्सिबल’ ही विमानवाहू नौका ऑस्ट्रेलियाला विकायचं ठरलं होतं, जुनी ‘हर्मिस’ निवृत्तीच्या वाटेवर होती आणि दक्षिण अटलांटिकमधल्या ब्रिटिश फॉकलंड बेटांच्या बाजूला एकटीच गस्त घालणारी ‘एन्ड्युरन्स’ परत बोलवायची होती. आठ हजार मैलांवरच्या अठराशे माणसांवर आणि त्यांच्या मेंढरांवर किती म्हणून खर्च करायचा? घराला कुलूप नाही, अशी पाटीच लावल्यासारखं हे झालं. गाल्तिएरींनी ती वाचली.

त्यांचंही काही बरं चाललं नव्हतं. महागाई शंभर टक्क्यांच्या पुढे गेलेली. लष्करानं उचलून नेलेल्या हजारो माणसांचा पत्ता नाही. त्यांच्या आया दर गुरुवारी डोक्याला पांढरा रुमाल बांधून प्लाझा दे मायो चौकात फेऱ्या मारायच्या. 30 मार्चला कामगार संघटनांनी मोर्चा काढला. अश्रुधूर, लाठ्या, धरपकड, सगळं यथासांग पार पडलं. तिसऱ्या दिवशी, 2 एप्रिलला, अर्जेंटिनाचं सैन्य फॉकलंडच्या राजधानीत, पोर्ट स्टॅन्लीत, उतरलं आणि त्याच चौकात लोक झेंडे घेऊन जनरलसाहेबांचा जयजयकार करू लागले. मोर्चाला घाबरून त्यांनी बेटं घेतली, असं मात्र कुणी म्हणू नये. लाठ्या पडत होत्या तेव्हा जहाजं कधीच निघालेली होती. राज्यकर्त्याला दूरदृष्टी लागते ती अशी. युद्धाला तोंड लागायला निमित्तही स्वस्तातलं मिळालं होतं: साउथ जॉर्जिया या ब्रिटिश बेटावर देवमाशांच्या बंद कारखान्याचं लोखंड उचलायला गेलेल्या भंगारवाल्यांनी तिथे अर्जेंटिनाचा झेंडा लावला होता.

मग देशभक्तीला उधाण आलं. दूरचित्रवाणीवर चोवीस तासांचा कार्यक्रम झाला, बायांनी अंगावरचे दागिने काढून दिले. कोरिएन्तेस, चाकोसारख्या उष्ण प्रांतांतली अठरा-एकोणीस वर्षांची सक्तीभरतीची पोरं तिकडे ओल्या खंदकांत उपाशीपोटी कुडकुडत होती. ब्युनॉस आयर्सची साप्ताहिकं मात्र मुखपृष्ठावर दर अंकात नव्यानं युद्ध जिंकत होती.

लंडनमध्ये 3 एप्रिलला, शनिवार असूनही, संसद भरली. 1956 च्या सुएझ पेचप्रसंगानंतर असं पहिल्यांदाच घडत होतं. एरवी शांततेचा घोष करणारे मजूर पक्षाचे मायकेल फूटही आक्रमणाविरुद्ध कडाडले. परराष्ट्रमंत्री कॅरिंग्टन यांनी चूक पत्करून राजीनामा दिला (हा प्रकार आपल्या वाचकांना अद्भुत वाटेल, पण तो खरा आहे). मोडीत निघायची तीच ‘हर्मिस’ ताफ्याची प्रमुख नौका होऊन दक्षिणेकडे निघाली. 2 मेला अर्जेंटिनाची युद्धनौका ‘जनरल बेल्ग्रानो’ बुडाली, 323 माणसं गेली. 14 जूनला अर्जेंटिनानं शरणागती पत्करली तोवर दोन्ही बाजूंचे मिळून नऊशेवर जीव गेले होते.

त्याच आठवड्यात गाल्तिएरींची खुर्ची गेली, पुढच्या वर्षी अर्जेंटिनात निवडणूक होऊन लष्करी राजवटही गेली. आणि थॅचरबाई? जून 1983 मध्ये 144 जागांचं आधिक्य घेऊन परत आल्या. काही अभ्यासक सांगतात की अर्थव्यवस्था तशीही सुधारत होती, विरोधकांत फूटही पडली होती, युद्धाचा वाटा थोडाच. असेल. पण महागाईचा दर कमी झाला म्हणून रस्त्यावर येऊन झेंडा नाचवणारा मतदार अजून कुणाच्या पाहण्यात नाही.

तेव्हा कृतज्ञता म्हणून हुजूर पक्षानं गाल्तिएरींचा एक पुतळा उभारावा. लंडनच्या संसदेत बाईंचा ब्रॉन्झचा पुतळा आहेच, शेजारी जागा निघेल. नसेल तर स्टॅन्लीत बाईंचा अर्धपुतळा आहे आणि त्यांच्या नावाचा रस्ताही आहे. तिथे कोपऱ्यावर बसवावा. पोज ठरलेली आहे: बाल्कनीत उभे, हात वर, खाली गर्दी. धातू आमच्याकडून नेता आला असता. ‘हर्मिस’ 1987 साली ‘आयएनएस विराट’ झाली, तीस वर्षं मुंबईच्या बंदरात मिरवली आणि शेवटी अलंगला तोडायला गेली. मागणी वेळेवर आली नाही, काय करणार.

पुतळा आमच्या माणसाचा, तो आम्हालाच द्या, असं अर्जेंटिनानं म्हटलं तर मोठाच तंटा होईल. तो मिटवायची घाई मात्र कुणी करू नये. दोन्हीकडच्या निवडणुकांच्या तारखा आधी पाहून घ्याव्यात.